हवापालटाचं घर

१९ नोव्हेंबर १९५०, रविवार

आज बदलापूरला आमच्या घराची आखणी झाली. गवंड्याने दोऱ्या ताणल्या, फक्कीने रेघा मारल्या, आणि काल जिथे मोतीबाईची म्हैस चरत होती तिथे एकदम चार खोल्या आणि एक ओटी दिसायला लागली. अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअरकीपरची खुर्ची उबवून जे काही साठलं, ते सगळं या पांढऱ्या रेघांत जाणार आहे.

सल्ले सगळ्यांनी दिले. मेहुण्याने पालेगावची भातशेती दाखवली. म्हटलं, कुळकायदा आलाय, उद्या कसणारा मालक होईल आणि मी बांधावर उभा राहीन. कारखान्यातले साहेब म्हणाले, पोस्टाची सर्टिफिकिटं घ्या. ती घेऊन कोण श्रीमंत झालाय ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. घराचं तसं नाही. घर जागचं हलत नाही, दर महिन्याला भाडं देतं, आणि मुंबईतली गर्दी अशीच इकडे सरकत राहिली तर तीन-चार वर्षांत चांगल्या किमतीला विकून वृंदाचं लग्न थाटात करता येईल. एकुलती एक मुलगी आहे. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

सौ. आणि वृंदा दोघी आल्या होत्या. वृंदा चपला काढून पूर्वेकडच्या चौकोनात जाऊन उभी राहिली. "बाबा, ही खोली माझी. इथे खिडकी. खिडकीशी माझी खाट." मी म्हटलं, "बाई गं, घर तुझ्यासाठीच आहे, पण राहायला नव्हे." ती हसली, तरी तिथून हलेना. ज्याने जागा विकली त्याची भावजय ही मोतीबाई. पुढे घराकडे लक्ष तीच ठेवणार आहे. ती कमरेवर हात ठेवून हे ऐकत होती. म्हणाली, "रवाचा नाय, मंग बांधताव कला?"

आता हिला काय समजावणार? राहण्यापलीकडेही घराचा उपयोग असतो, हे या गाववाल्यांच्या डोक्यात शिरत नाही.

२८ जानेवारी १९५१, रविवार

भिंती खिडकीच्या उंचीला आल्या. सिमेंटचं परमिट अजून लटकलेलंच आहे, म्हणून चुन्यातच काम चाललंय.

वासे बघायला कॅम्पात गेलो. उल्हासनगर म्हणायचं आता त्याला. टेकचंद नावाचा सिंधी व्यापारी बराकीच्या तोंडाशी लाकूड रचून बसतो. घासाघीस झाली, सौदा पटला, चहा आला. शिकारपूरला त्याचं मोठं घर होतं म्हणे. फाळणीत तिथून निघण्याच्या थोडंच आधी त्याने वरच्या मजल्यावर नवी फरशी घातली होती.

"साईं, फर्श अभी सूखा भी नहीं था. बच्चा लोग को मैं डाँटता था, गीले पे पाँव मत रखो, खराब हो जाएगा." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "आप सब पैसा मकान में डालता है? थोड़ा धंधे में रखो, साईं. मकान को सिर पे उठा के आदमी भाग नहीं सकता."

मला कशाला पळावं लागतंय, असं मनात म्हटलं. पण घरी येईपर्यंत त्याची ती ओली फरशी डोळ्यांपुढून जाईना. भलत्या माणसाकडे भलता चहा घेतला. वासे मात्र चांगले आहेत.

१३ मे १९५१, रविवार

घर पुरं झालं. वर लालभडक मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे विहीर. विहिरीचं पाणी गोड लागलं. लांबून बघितलं तर कुणाही सभ्य माणसाचं वाटेल असं घर आहे. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो गवंड्याचा हिशेब मिटल्याचा.

सौ.ने वास्तुशांतीचा विषय काढला. मी म्हटलं, राहायला गेलो की करू, भाडेकरूसाठी वास्तुशांत कोण करतं? तिने काढलेलं पंचांग मिटलं आणि आत गेली. हिचं असं उठून जाणं मला भांडणापेक्षा जड जातं.

भाडेकरू कसा निवडायचा याचा मी बराच विचार केला आहे. साधा कुटुंबवत्सल भाडेकरू म्हणजे गळ्यात धोंड. भाडेनियंत्रणाचा कायदा मुंबईत आलाच आहे, आज ना उद्या इथेही तोच घोळ होणार. एकदा आत शिरलेला माणूस ना भाडं वाढवून देतो, ना बाहेर निघतो. म्हणून माझं ठरलंय, घर हवापालटासाठीच द्यायचं. बदलापूरच्या हवेचं नाव मुंबईत मोठं आहे. श्रीमंत घरची आजारी माणसं येतात, हंगामापुरतं मागाल ते भाडं देतात, आणि हंगाम संपला की जातात. बरी होऊन जातात किंवा बरी न होता जातात, पण जागा मोकळी होते. वृंदाच्या लग्नाच्या वेळी घर रिकामं मिळेल याची ही एकच खात्री.

हा हिशेब मी कारखान्यात दोघातिघांना सांगितला. सगळ्यांनी मान डोलावली.

२२ जुलै १९५१, रविवार

घर रिकामं. पावसाळ्यात हवापालटाला कोण येतो? पश्चिमेच्या भिंतीला ओल आली आहे. मोतीबाई रोज तिन्हीसांजेला ओटीवर दिवा लावून जाते. रिकाम्या घरात अंधार ठेवू नये म्हणते. तेल माझं.

४ नोव्हेंबर १९५१, रविवार

भाडेकरू आला! गिरगावातल्या कापडाच्या पेढीवाल्यांचा मुलगा हेमचंद्र आणि त्याची आई कमळाबाई. मुलगा पंचविशीचा, गोरापान, फार बोलत नाही. वडिलांनी भाड्याचा आकडा ऐकला आणि भुवई सुद्धा हलवली नाही. तेव्हाच जरा चुकल्यासारखं वाटलं. अजून मागायला हवं होतं.

सामान ट्रक भरून आलं. एक शिसवी खाट, आणि त्यावर अशी गादी की मी हात लावून बघितला. सावरीचा कापूस, सगळा निवडलेला, एक सरकी नाही. तीस वर्षं स्टोअरमध्ये काढली, माल हाताला लगेच कळतो.

सकाळचं ऊन हवं म्हणून पूर्वेकडची खोली त्यांनी मुलासाठी घेतली. वृंदाला हे सांगितलं तर म्हणाली, "दिलीत का ती खोली?" एवढंच. मग आत जाऊन भाजी निवडत बसली.

दुखणं काय आहे, असं मी वडिलांना विचारणार होतो. ते आपणहून म्हणाले, "अशक्तपणा आहे थोडा." मी म्हटलं, इथल्या पाण्याने भूक लागेल. विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं लागतं, आणि मग सौ.ला सांगावं लागतं.

२३ डिसेंबर १९५१, रविवार

भाडं वेळेवर. असं असेल तर शेजारची जागाही घ्यावी का, असा विचार येऊन गेला. लगेच भीतीही वाटली. सुख सोसत नाही मला.

हेमचंद्र ओटीवर शाल घेऊन बसला होता. मला पाहून उठायला लागला, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाशी धरला आणि नंतर तो घडी करून खिशात ठेवला. फार व्यवस्थित मुलगा आहे. कमळाबाई मला म्हणाल्या, "घर लाभेल असं वाटतंय." तोंडदेखलं म्हणाल्या असतील, पण मला बरं वाटलं.

वृंदासाठी कल्याणचं एक स्थळ आलंय. मुलगा रेल्वेत आहे. चिंतामणराव म्हणून त्याचे मामा बोलणी करतात. बदलापूरला स्वतःचं घर आहे म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. तो घराचा पहिला खरा फायदा.

२६ फेब्रुवारी १९५२, मंगळवार

हेमचंद्र काल गेला. शिवरात्रीच्या जत्रेची गर्दी अजून अंबरनाथात ओसरली नव्हती, त्यातून वाट काढत मोतीबाईचा दीर बोलवायला आला. मी पोहोचलो तेव्हा मुंबईची माणसं आली होती. कमळाबाई पूर्वेकडच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या आणि खिडकीकडे बघत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाडं पुढच्या महिन्याचंही दिलंय ना हो?" मी हो म्हटलं. माझीच मला शरम वाटली.

अमावास्या, त्यात पंचक. भटजींनी माझ्यासमोर सांगितलं, पंचकात मृत्यू झालाय, शांत करा आणि घर सहा महिने बंद ठेवा. म्हणजे सगळा हंगाम हातचा गेला. तरुण मुलगा गेला याचं वाईट वाटतंच. पण वाईट वाटतं ते नक्की कशाचं, हे आज मला नीट सांगता येणार नाही.

१ मार्च १९५२, शनिवार

कमळाबाई मुंबईला परत गेल्या. भांडी, खाट, गादी, काहीच नेलं नाही. "ते सगळं गरिबांना द्या नाहीतर जाळा," म्हणाल्या.

मोतीबाईने गादी ओढत परसात नेली होती आणि काड्यापेटी शोधत होती. मी ओरडलो. ती म्हणाली, "साहेब, पोर रगत ओकून गेला. अशी गादी घरान ठेवाची नाय." मी तिला म्हटलं, "तुला काय कळतं? हृदय बंद पडलं त्याचं. त्याचे वडील म्हणाले मला." हे खरं आहे. नेताना कुणीतरी विचारलं तेव्हा ते तसंच म्हणाले. या बायकांना जिथे तिथे रक्त दिसतं.

एवढा चांगला माल डोळ्यांदेखत जाळायचा? खोळ काढून जाळून टाकली. कापूस चार दिवस उन्हात घातला की झालं.

६ एप्रिल १९५२, रविवार

घराला माणूस मिळत नाही. मुंबईहून दोन कुटुंबं आली, ओटीपर्यंत पोहोचली आणि कुणीतरी काहीतरी कानाशी बोललं, की गाडीची वेळ झाली म्हणून परत गेली. गावातली पोरं त्या बाजूने जाताना पलीकडच्या कडेने जातात. एवढ्या हौसेने लाल कौलं घातली, ती आता लांबून ओळखायच्याच उपयोगी पडतात.

टेकचंदला विचारलं, घर विकत घेतोस का. तो म्हणाला गोदाम म्हणून घेतो, आणि आकडा सांगितला. नुसती कौलं आणि वासे काढून विकले तरी त्याहून जास्त येतील. मी उठलो. तो म्हणाला, "बुरा मत मानो साईं. आज मैं बोलता हूँ, कल ये भी नहीं बोलेगा." उर्मट माणूस.

यावर मला एकच उपाय दिसतो. लोक घराला बिचकतात कारण तिथे कुणी राहत नाही. मालकच बायकामुलांसह महिनाभर राहिला, वास्तुशांत झाली, पंगत उठली, की सगळ्यांची तोंडं बंद होतील. मे महिन्यात कारखान्यातून रजा घेतो.

सौ.ने विचारलं, "त्या मुलाला झालं काय होतं?"

"हृदय."

"तुम्ही डॉक्टरांना विचारलंत?"

"गेलेल्या माणसाचं काय विचारायचं?"

तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "सहा महिने होऊ द्या ना." मी तिला समजावलं, की ऑक्टोबरच्या हंगामाची माणसं घरं बघायला मे महिन्यातच येतात. घर असंच पडून राहिलं तर वृंदाच्या लग्नाला विकायला काय उरणार? शेवटी तीही तयार झाली. वृंदाला तयार करावं लागलंच नाही. ती त्याच दिवसापासून पेटी भरते आहे.

४ मे १९५२, रविवार (बदलापूर)

आलो राहायला. सगळ्या घराला चुना काढून घेतला. पिंजारी बोलावून ती सावरी ओटीवरच पिंजून घेतली. दिवसभर कापूस उडत होता. वृंदा तोंडाला पदर न लावता त्याच्यापुढे बसून धनुकलीचा आवाज ऐकत होती, तिच्या केसांत सगळे पांढरे तंतू. सौ. म्हणाली, "म्हातारी झालीस की गं." आम्ही तिघेही पोट धरून हसलो. मला आठवत नाही असं कधी हसलो होतो.

नव्या खोळीची गादी अशी फुगली की तिच्यावर बसायला संकोच वाटावा. ती वृंदाच्या खाटेवर घातली. खाट खिडकीशी, तिने आखणीच्या दिवशी दाखवली होती त्याच जागी.

२५ मे १९५२, रविवार (बदलापूर)

वास्तुशांत झाली. गाव जेवला. आधी येईनात, मग मोतीबाईचं घर आलं आणि त्यांच्या मागे सगळे आले. मोतीबाई जेवून उठल्यावर सौ.ला बाजूला घेऊन काही सांगत होती. सौ. माझ्याकडे बघत होती. मी वाढपाच्या गडबडीत होतो.

माझा हिशेब बरोबर निघाला, हे इथे लिहून ठेवतो. परळचे एक गृहस्थ, बायकोला दमा आहे, पंगत चालू असतानाच आले. मालकाची मुलगी आतल्या खोलीत गाणं म्हणत केस विंचरते आहे, हे त्यांनी पाहिलं. ऑक्टोबरपासून घर ठरलं, बयाणाही दिला. याहून चांगली जाहिरात ती कसली?

वृंदा म्हणते, परत जायलाच नको. सकाळी नदीवर जाते, विहिरीचं पाणी शेंदते, रात्री पडल्या पडल्या चिकूच्या रोपाला नाव काय ठेवायचं ते आईला विचारते. रोप तिनेच लावलंय. मी म्हटलं, ऑक्टोबरात भाडेकरू येणार, त्यांना सांग पाणी घालायला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ना." जरा सर्दी झाली आहे तिला. विहिरीच्या पाण्याने असेल.

३१ ऑगस्ट १९५२, रविवार

कल्याणची मंडळी वृंदाला पाहून गेली. पितृपक्षाआधी उरकू म्हणाली होती.

वृंदा अलीकडे सडपातळ झाली आहे, त्यामुळे उंच आणि छान दिसते. गालांवर रंगही आहे. पोहे दिले, नाव सांगितलं, सगळं ठीक चाललं होतं. मुलाच्या आईने गाणं म्हणायला सांगितलं. दुसऱ्या ओळीला ती खोकली. थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा खोकली. मुलगा पायांच्या अंगठ्याकडे बघत बसला.

चिंतामणराव जाताना मला कोपऱ्यावर घेऊन गेले. "विष्णुपंत, राग मानू नका. बदलापूरला ते क्षयाच्या रोग्यांचं घर म्हणतात ते तुमचंच ना? हवापालटाला तुमच्या घरातलं कोण होतं तिथे?"

"आमच्यातलं कोणी नाही. भाडेकरू होता."

"पण मे महिन्यात तुम्ही मंडळी जाऊन राहिलात म्हणतात. उगीच कोण जाऊन राहील तिथे?"

मी त्यांना भाडेनियंत्रणाचा कायदा, पंचक, परळचे गृहस्थ असं सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण पाय रस्त्याकडे वळलेले होते. स्थळ गेलं. ज्या घराच्या जोरावर स्थळ आलं होतं त्या घरानेच ते घालवलं, आणि यात माझी काय चूक झाली हे मला कळत नाही.

१७ सप्टेंबर १९५२, बुधवार

कल्याणच्या डॉक्टरांनी वृंदाच्या छातीचा फोटो काढायला लावला होता. तो आज उजेडासमोर धरून दाखवला. मला त्यात काहीच दिसेना. नुसत्या पांढऱ्या रेघा. डॉक्टर बोटाने दाखवत होते, इथे, आणि इथे, आणि दुसऱ्या बाजूला इथे.

"घरात पूर्वी कोणाला होतं?"

मी नाही म्हटलं.

"कोणाच्या सहवासात आली होती? अंथरूण, खोली?"

सौ. खुर्चीवरून उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. घरी आल्यावर लुगडं न बदलताच तिने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नव्हतं. हे खरं आहे. कोणीही सांगितलं नव्हतं.

२८ सप्टेंबर १९५२, रविवार

स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं सुरू झाली. महाग आहेत, आणि ती किती दिवस द्यायची ते कोणीच सांगत नाही. म्हणून टेकचंदकडे गेलो. म्हटलं, त्या वेळचाच आकडा दे आणि घर घे.

त्याने दुकानातल्या माणसाला बाहेर पाठवलं, मला बसवलं. "साईं, अब नहीं होगा. हमाल लोग बोलता है, उस घर में माल नहीं उतारेगा. मैं क्या करूँ?" मी दर उतरवला. तो मान हलवत राहिला. मी आणखी उतरवला. तेव्हा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "बस करो साईं." मग विचारलं, "लड़की कैसी है?" मी इंजेक्शनांची किंमत सांगत बसलो. या माणसाला मी उर्मट म्हटलं होतं.

परळच्या गृहस्थांचा माणूस बयाणा परत मागायला आला होता. त्यांनाही कळलंय. पैसे इंजेक्शनांत गेले, थोडे थोडे करून देतो म्हटलं. मी पुष्कळ विचार करून घेतलेली वस्तू आज फुकट द्यायला निघालो तरी कोणी घेत नाही. भिंती तशाच उभ्या आहेत. विहिरीचं पाणी गोडच आहे.

९ ऑक्टोबर १९५२, गुरुवार

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला आणि वृंदाला बाहेर बसवायला सांगितलं. दोन्ही बाजू गेल्या आहेत, उशीर झालाय, असं म्हणाले. सॅनेटोरियममध्ये वर्षभर तरी जागा मिळणार नाही. कारखान्याच्या क्वार्टरमधली ती कोंदट खोली आणि चिमणीचा धूर तिला अजिबात चालणार नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं.

"तुम्ही कुठले, अंबरनाथचे ना? मग जवळच बदलापूर आहे. हवा उत्तम. तिथे हवापालटाची घरं भाड्याने मिळतात. पूर्वेकडे खिडकी असलेली खोली बघा, सकाळचं ऊन यायला हवं. परवडेल ना भाडं?"

सौ. खाली बघत होती.

मी म्हटलं, "परवडेल."

१९ ऑक्टोबर १९५२, रविवार (बदलापूर)

आज पाडवा. सामान टेकचंदच्या ट्रकमधून आलं. भाडं द्यायला गेलो तर ड्रायव्हरने घेतलं नाही, सेठचा हुकूम आहे म्हणाला.

चिकूच्या रोपाला कोणी पाणी घातलं कोण जाणे, चांगलं हातभर झालंय. सौ.ने आल्या आल्या पदर खोचला, ती गादी एकटीने परसात ओढत नेली आणि पेटवली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुम्ही राहू द्या." सावरीचा कापूस, भडकला आणि संपला. तिची राख होईपर्यंत आम्ही दोघंही तिथे उभे होतो. वृंदाला खिडकीशी साध्या चटईवर घोंगडी घालून दिली आहे.

तिन्हीसांजेला मोतीबाई सवयीने दिवा लावायला आली. ओटीवर माझी काठी आणि चपला बघून थबकली. मग आत वाकून वृंदाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. मला म्हणाली, "रवाला आयलाव?"

मी हो म्हटलं. तिने दिवा लावला आणि आज तेलाचे पैसे न मागता गेली.

मी आत जाऊन वृंदाजवळ बसलो. ती खिडकीतून बाहेर बघत होती. खोकला जरा थांबला होता. म्हणाली, "बाबा, आता ही खोली कोणाला देणार नाही ना?"

नाही म्हटलं. आता कोणाला नाही.